'अपराजित' कीं 'अजिंक्य'? : महाराष्ट्र क्रिकेट संघाचे दोन हंगाम

पेण व रोहें येथील जुन्या वाड्यांतून सनदा, महजर व पोथ्या यांचीं दप्तरें आस्थेनें जपलेलीं आढळतात. खेळांच्या सामन्यांचीं धावपत्रकें मात्र रद्दींत जातात. तींही इतिहासाचीं साधनें होत, हें एका उदाहरणानें दाखविण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयांतील संस्कृतचे अध्यापक प्रो. दिनकर बळवंत देवधर (१८९२–१९९३) हे महाराष्ट्र संघाचे नायक असतां त्या संघानें १९३९-४० व १९४०-४१ या लागोपाठच्या दोन हंगामांत रणजी करंडक मिळविला. ही स्पर्धा १९३४-३५ सालीं सुरू झाली. त्या काळीं ती बाद पद्धतीची होती. एकदां हरलेल्या संघास पुढें वाव नसे. तेव्हां करंडक मिळविणारा संघ त्या हंगामांत अपराजित असलाच पाहिजे, हें उघड आहे. परंतु त्यानें प्रत्येक सामना जिंकला, असें यावरून अनुमान करणें युक्त नव्हे.

पहिल्या हंगामांत विजय हजारे यांनीं बडोद्याविरुद्ध नाबाद ३१६ धावा काढल्या, आणि पुण्यास झालेल्या अंतिम सामन्यांत महाराष्ट्रानें संयुक्त प्रांताचा दहा गडी राखून पराभव केला. दुसऱ्या हंगामांत मुंबईशीं गांठ पडली. महाराष्ट्राच्या ६७५ धावा झाल्या; त्यांपैकीं २४६ एकट्या देवधरांच्या, आणि त्यांचें वय तेव्हां ४८ होतें! मुंबईनेंही खंडू रांगणेकर यांच्या २०२ धावांसह ६५० पर्यंत मजल मारली. सामना अनिर्णित राहिला. पहिल्या डावांतील अवघ्या २५ धावांच्या आघाडीवर महाराष्ट्र पुढें गेला. पुढें मद्रास येथें यजमान संघास सहा गडी राखून हरवून त्यानें करंडक स्वतःकडेच ठेविला.

येथें शब्दांचा विवेक उपयोगी पडतो. 'अपराजित' हें पद पराभवाचा अभाव सांगतें. सर्वत्र विजय झाला, असें सांगत नाहीं. 'अजिंक्य' म्हणजे ज्यास जिंकणें शक्यच नाहीं असा. तें सामर्थ्याविषयींचें विधान आहे. वृत्तपत्रें विजेत्यास सरसहा 'अजिंक्यपद' बहाल करतात, तो रूढीचा भाग होय. १९४१-४२ सालीं करंडक मुंबईकडे गेला; यास्तव त्या दोन हंगामांस 'अपराजित' हेंच विशेषण यथार्थ ठरतें.

आतां, एखाद्या संग्रहांत 'महाराष्ट्र विजयी' एवढाच मथळा कापून ठेविला असेल, तर त्या २५ धावांचा पत्ता कोणास लागणार? बखरींतील विजयवर्णन आपण अस्सल पत्रांशीं ताडून पाहतों. मथळा धावपत्रकाशीं ताडणें हीही तीच रीत आहे. म्हणून ज्यांच्या संग्रहीं अशीं पत्रकें असतील त्यांनीं स्थळ, तिथि, दोन्ही डावांच्या धावा व निकालाचा प्रकार हीं चारही अंगें एकत्र जपावींत, अशी आमची विनंती आहे.