ग्रामसभेला जाताना कागद वाचून जा

शिवारातला सिमेंट नालाबांध पहिल्याच पावसाळ्यात झिरपू लागला, तर त्याची चर्चा पारावर रंगते. ग्रामसभेत मात्र सारे गप्प, कारण आकडा कोणाजवळच नसतो.

ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ नुसार वर्षातून ग्रामसभेच्या किमान चार बैठका घ्याव्याच लागतात. गणपूर्तीस मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यांपैकी कमी असेल तेवढी हजेरी पुरते.

बैठकीच्या महिना-दीड महिना आधी माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली ग्रामपंचायतीच्या जन माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज द्यावा. शुल्क १० रुपये. दारिद्र्यरेषेखालील अर्जदारास माफ. 'बांधाची सर्व माहिती द्यावी' असे मोघम लिहू नये. अंदाजपत्रक, मोजमाप पुस्तिका व देयके यांच्या प्रती, असे नेमके मागावे. काम दुसऱ्या खात्याचे असेल तर अर्ज पाच दिवसांत तिकडे पाठविणे त्या अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे. तीस दिवसांत उत्तर न आल्यास पुढील तीस दिवसांत पहिले अपील करावे.

कामाची प्रत्यक्ष पाहणी करणे आणि वापरलेल्या साहित्याचे प्रमाणित नमुने घेणे, हाही अधिकार याच कायद्यात आहे. माती परीक्षणासाठी नमुना घेणाऱ्या शेतकऱ्याला यात नवल वाटू नये!

पुस्तिकेतली लांबी, रुंदी, उंची टेप लावून बांधावर ताडून पाहावी. फरक निघाल्यास तो ग्रामसभेत मांडावा आणि इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. नुसते तोंडी बोलणे इतिवृत्तात येईलच असे नाही.