उभे राहण्याचे श्रम

गणेशचतुर्थीच्या सकाळी मूर्तीची स्थापना व्हावी, पूजा यथासांग पार पडावी, आरतीस आरंभ व्हावा, आणि नेमक्या त्याच वेळी घरातील एखादी तरुण स्त्री भिंतीचा आधार घेत हळूच खाली बसावी, असा प्रसंग मॉरिशसमधील कित्येक मराठी घरांना अपरिचित नसेल. टाळ वाजतच राहतात. कोणी म्हणते, उपवास बाधला. कोणी म्हणते, दृष्ट लागली. कोपऱ्यात बसलेली आजी मुखाने काही बोलत नाही. परंतु तिच्या मनात येऊन जाते की, आपण त्या वयात पहाटे उठून उसाच्या मळ्यात जात होतो, आणि या मुलींना देवाच्या आरतीपुरतेही उभे राहवत नाही!

आजीच्या मनातील हा विचार कठोर असला तरी अकारण नाही. ज्या लोकांचे पूर्वज कराराने बांधले जाऊन कोकणातून व घाटावरून या बेटावर आले, त्यांच्या घरात श्रम ही केवळ उपजीविका नव्हती. ती प्रतिष्ठा होती. मळ्यावर एक दिवस गैरहजेरी लागली की दोन दिवसांची मजुरी कापली जाई. दुखणे खरे मानले गेले नाही, तर तेही गैरहजेरीतच जमा होई. इ. स. १८७१ मध्ये आदोल्फ द प्लेव्हित्झ यांनी जुन्या मजुरांच्या वतीने जो अर्ज सादर केला आणि ज्याच्या परिणामी १८७२ मध्ये शाही चौकशी आयोग नेमला गेला, त्या अर्जातील गाऱ्हाण्यांत या दुहेरी कपातीचाही समावेश होता. ज्या समाजाने दुखणे लपवून उभे राहण्याची सवय अंगी बाणवली, त्या समाजाला ‘उभे राहवत नाही’ हेच एक दुखणे असू शकते, ही गोष्ट पटावयास वेळ लागणे स्वाभाविक आहे.

तथापि ते दुखणे आहे. आणि योगायोग असा की, त्याचे एक जुने शास्त्रीय वर्णन त्याच १८७१ साली प्रसिद्ध झाले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात फिलाडेल्फिया येथील जेकब मेंडेस दा कोस्टा या वैद्याकडे असे सैनिक येत, की ज्यांच्या अंगावर जखम नव्हती आणि ज्यांच्या हृदयात दोष सापडत नव्हता. परंतु थोडे चालताच त्यांची छाती धडधडे, दम लागे, डोळ्यांपुढे अंधेरी येई. पुष्कळांचे दुखणे ज्वर किंवा अतिसार होऊन गेल्यानंतर सुरू झालेले होते. वरिष्ठांना हे कामचुकार वाटत. दा कोस्टा यांनी मात्र त्यांच्या तक्रारींची काळजीपूर्वक नोंद केली आणि हा विकार खरा असल्याचे लिहिले. पुढे पहिल्या महायुद्धात इंग्लंडमधील टॉमस लुइस यांच्यापुढे असेच सहस्रावधी सैनिक आले. १९१८ मध्ये त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला आणि श्रम न सोसणे हेच या विकाराचे मुख्य लक्षण मानून त्याला श्रमावरूनच नाव दिले.

अशा रुग्णाचे आजचे चित्र डोळ्यांसमोर आणावे. वय तिशी-पस्तिशीचे. शाळेत शिकविण्याची नोकरी. एकदा फडफडून ताप आला, तो आठवडाभरात उतरला. परंतु अंगातली शक्ती परत आलीच नाही. फळ्यापाशी उभे राहून दहा मिनिटे शिकविले की हात थरथरतात, मानेत आणि खांद्यांत कळ येते, शब्द आठवत नाहीत. जिना चढताना नाडी अशी धावते की जणू मैलभर पळून यावे. दवाखान्यात एके दिवशी रक्तदाब १५० भरतो, दुसऱ्या दिवशी ९५. एक वैद्य दाब उतरविणारी गोळी देतो. ती घेतल्यावर ती स्नानघरात कोसळते. दुसरा म्हणतो, सर्व तपासण्या ठीक आहेत, मन शांत ठेवा. घरी येताना तिला ‘काही निघाले नाही’ याचा आनंद व्हावयास हवा; पण तिला रडू येते. कारण काही निघाले नाही म्हणजे तिच्या बोलण्याला साक्ष उरली नाही.

शरीराचे अदृश्य पाणके

मनुष्य आडवा असतो तेव्हा त्याचे रक्त सर्व शरीरात जवळजवळ समपातळीवर असते. तो उभा राहिला की गुरुत्वाकर्षणाने अर्धा ते पाऊण लिटर रक्त पोटाच्या व पायांच्या शिरांत उतरते. तेवढे रक्त हृदयाकडे कमी परतते, आणि मेंदू तर हृदयाहून उंचावर. अशा वेळी मनुष्य कोसळत का नाही? कारण मानेतील मोठ्या रोहिणीत आणि हृदयातून निघणाऱ्या महारोहिणीत दाब जाणणाऱ्या नाजूक मज्जातंतूंचे पहारे आहेत. दाब किंचित उतरताच ते मेंदूच्या तळाशी वर्दी देतात. तेथून आज्ञा सुटतात. पायांतील व पोटातील रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, हृदय मिनिटास दहा-पंधरा ठोके अधिक देते, आणि दाब सावरतो. हे सर्व काही क्षणांत, आपल्या नकळत घडते. उंचावरील शेताला पाणी चढविणाऱ्या पाणक्याप्रमाणे ही स्वायत्त मज्जासंस्था जन्मभर राबते, आणि ती चुकल्याखेरीज तिची आठवण कोणास होत नाही.

तिची चूक अनेक प्रकारची असते. काहींच्या रक्तवाहिन्या वेळेवर आवळत नाहीत. त्यामुळे उभे राहिल्यापासून तीन मिनिटांच्या आत वरचा दाब २० किंवा खालचा १० अंशांनी, अथवा त्याहून अधिक, घसरतो. ब्रॅडबरी व एगल्स्टन या अमेरिकन वैद्यांनी १९२५ मध्ये अशा तीन रुग्णांचे वर्णन केले. दुसऱ्या काहींचा दाब फारसा घसरत नाही. पण तो टिकविण्यासाठी हृदयाला अतोनात धावावे लागते. उभे राहिल्यावर दहा मिनिटांत नाडी ३० ठोक्यांनी, आणि किशोरवयीनांत ४० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली, आणि त्यासोबत त्रास होत असला, तर त्या विकारास १९९३ पासून एक स्वतंत्र नाव मिळालेले आहे; ‘पॉट्स’ या आद्याक्षरी नावाने तो जगभर ओळखला जातो. हा विकार तरुण स्त्रियांत अधिक आढळतो आणि पुष्कळदा एखाद्या संसर्गानंतर सुरू होतो. २०२० नंतर कोविडमधून उठलेल्या अनेकांना तो जडल्यामुळे वैद्यकाचे लक्ष त्याकडे पुन्हा वळले. तिसऱ्या प्रकारात निजल्यावर दाब उंच आणि उठल्यावर खोल, असा झोपाळा चालतो. आणि एकाच वेळी मोजलेला आकडा पाहून केलेला उपचार तेथे घात करू शकतो.

श्रम का सोसत नाहीत, याचेही उत्तर येथेच आहे. धावताना वा चढताना स्नायूंना अधिक रक्त हवे असते. परंतु हृदयाकडे पुरेसे परतलेच नाही, तर ते पुढे ढकलणार काय? प्रत्येक ठोक्याला थोडे रक्त, म्हणून ठोके पुष्कळ. त्यात रुग्ण भीतीने अंथरूण धरतो. अंथरुणावर पडून राहिल्याने शरीरातील रक्ताचे प्रमाण घटते, हृदयही बारीक होते, आणि उभे राहणे आणखी कठीण होते. विश्रांतीच रोगाला पोसू लागते.

शोध कसा घ्यावा

या विकाराची पहिली तपासणी स्वस्त आहे. रुग्णाने पाच मिनिटे स्वस्थ पडून राहावे. दाब व नाडी मोजावी. मग त्याने उभे राहावे, आणि पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या व दहाव्या मिनिटास पुन्हा मोजावे. जवळ कोणी तरी असलेच पाहिजे. अंधेरी आल्यास तत्काळ थांबून निजावे. हे आकडे, वेळ, जेवण, पाणी, औषध, ऊन आणि स्त्रियांनी मासिक पाळीचे दिवस, एका वहीत लिहून ठेवावेत. रुग्णाच्या दहा वाक्यांनी जे वैद्याला पटत नाही, ते अशा वहीच्या दोन पानांनी पटते.

मात्र प्रत्येक चढउताराला हेच नाव चिकटविणे धोक्याचे आहे. रक्तक्षय, कंठग्रंथीचा विकार, हृदयाच्या झडपांचा दोष, झोपेत श्वास अडखळणे, मूत्रपिंडावरील ग्रंथींचे विकार, इतकेच नव्हे तर दाबावरील, लघवीवरील किंवा नैराश्यावरील औषधेही अशी लक्षणे निर्माण करतात. डोके ठणकणे, दरदरून घाम आणि दाबाची उसळी ही तिन्ही वारंवार एकत्र आली, तर त्या ग्रंथींची तपासणी अवश्य व्हावी. मॉरिशसपुरते एक कारण विशेष ध्यानात ठेवावयास हवे, आणि ते म्हणजे मधुमेह. या बेटावर तो घरोघरी आहे. आणि अनेक वर्षे न आवरलेला मधुमेह जसा पायांची संवेदना घालवितो, तसाच दाब सांभाळणाऱ्या या अदृश्य मज्जातंतूंनाही कुरतडतो. उठताना तोल जाणाऱ्या मधुमेही आजोबांना ‘वयोमानाने होते’ असे म्हणून सोडून देऊ नये. छातीत दुखणे, प्रत्यक्ष श्रम चालू असतानाच शुद्ध हरपणे, किंवा एका अंगाची शक्ती जाणे, ही लक्षणे दिसताच वहीची वाट न पाहता रुग्णालय गाठावे.

इतके करूनही कित्येकांच्या दुखण्याचे मूळ सापडत नाही. ‘कारण कळले नाही’ आणि ‘काही झालेले नाही’ ही दोन वाक्ये एक नव्हेत. पहिले प्रामाणिक आहे. दुसरे अन्यायाचे आहे.

नित्याचे जीवन

मूळ सापडले नाही तरी जगणे सुसह्य करता येते. दिवसभरात दोन ते तीन लिटर पाणी प्यावे. सकाळी पलंगावरून उतरण्यापूर्वी दोन पेले पाणी प्यायल्यास काहींचा दाब काही काळ सावरतो. काही रुग्णांना वैद्य मीठ वाढविण्यास सांगतात. परंतु ज्यांचा दाब उंच असतो किंवा ज्यांचे हृदय वा मूत्रपिंड दुबळे आहे, त्यांना तेच मीठ घातक ठरेल, म्हणून शेजाऱ्याचे पाहून मीठ वाढवू नये. उठताना आधी बसावे, पाय हलवावेत, मग उभे राहावे. उभे राहणे भागच असेल तर पायावर पाय आवळून पोटऱ्या ताठ कराव्यात. कमरेपर्यंतचे घट्ट मोजे किंवा पोटाचा पट्टा रक्ताला खाली साचू देत नाही. भरपेट भात जेवल्यावर रक्त पोटाकडे वळते, म्हणून थोडे थोडे जेवावे. जानेवारी-फेब्रुवारीच्या उकाड्यात कढत पाण्याचे स्नान टाळावे. वैद्यांपाशी औषधेही आहेत: कोणी रक्तातील पाणी धरून ठेवणारे, कोणी वाहिन्या आवळणारे, कोणी नाडी संथ करणारे. एकाचे अमृत ते दुसऱ्याचे विष, ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

व्यायामाची रीतही उलटी आहे. येथे आरंभ उभ्याने नव्हे, तर बसून किंवा पडून करावयाचा: टेकून चालविण्याची सायकल, वल्ही मारण्याचे यंत्र, किंवा पोहणे. या बेटाभोवती प्रवाळाच्या कड्याआड शांत उथळ पाणी आहे. पाण्याचा दाब पाय व पोट सभोवार आवळून धरतो, आणि जमिनीवर पाच मिनिटे न टिकणारा मनुष्य पाण्यात पाऊण तास हालचाल करू शकतो. सोबतीवाचून मात्र पाण्यात उतरू नये. फळ महिन्यांनी मिळते, आठवड्यांनी नव्हे. आणि ज्यांना थोड्या श्रमानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्व दुखणे दुणावते, त्यांना जबरदस्तीने व्यायाम करावयास लावणे योग्य नव्हे. त्यांनी शक्तीचा जमाखर्च राखूनच पाऊल टाकावे.

आणि घराने काय करावे? महाशिवरात्रीस गंगा तलावाची पायी यात्रा, निर्जळी उपवास, भर उन्हातील मिरवणूक, रात्र रात्र चालणारी झाकरी: हे सर्व आपल्या परंपरेचे धन आहे. परंतु आजारी माणसाला व्रतनियमांतून सवलत खुद्द धर्मशास्त्रानेच दिलेली आहे. ज्याला उभे राहवत नाही त्याने बसून आरती म्हटली तर देवाचा अवमान होत नाही. एक खुर्ची आणि पाण्याचा तांब्या एवढीच तरतूद पुरेशी असते. कठीण जाते ते एवढेच की, खुर्चीवर बसलेल्या सुनेकडे पाहणाऱ्या नजरा निवळाव्यात.

त्या नजरा निवळविण्याचे सामर्थ्य कोपऱ्यातील आजीपाशीच सर्वांत अधिक आहे. अंगात ज्वर असतानाही हातात कोयता घेऊन मळ्यात गेलेल्या माणसांच्या कथा तिने लहानपणी ऐकलेल्या आहेत. ती माणसे आळशी नव्हती, आजारी होती; आणि त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवणारे कोणी नव्हते. तो अविश्वास मळ्याच्या मालकांचा होता. तो आपल्या घरात वारशाने चालू ठेवण्याचे काही कारण नाही. येत्या चतुर्थीस जिच्या घरी अशी सून, लेक किंवा नातू असेल, त्या आजीने आरतीपूर्वी स्वतःच्या हाताने खुर्ची पुढे सरकवावी आणि म्हणावे, “बस गं बाळ, बसून म्हण.” औषधाने जे साधत नाही, ते पुष्कळदा या पाच शब्दांनी साधते.