वाईत ऊन, महाबळेश्वरच्या वेण्णा लेकवर झड

वाई ते महाबळेश्वर अंतर जेमतेम तीस-पस्तीस किलोमीटर. जुलैत वाईच्या बाजारात माणसं छत्री काखेत मारून हिंडत असतात, आणि त्याच वेळी वर महाबळेश्वरात गवताची नि प्लॅस्टिकची आवरणं चढवलेल्या भिंतींच्या आड दिवसाढवळ्या दिवे लावलेले असतात. वर्षाचा हिशेब काढला तर महाबळेश्वरला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस, पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा, आणि वाईला हजारसुद्धा नाही.

पुण्याच्या बाइकवाल्यांची पावसाळ्यातली आवडती फेरी नेमकी याच उतरंडीवरून जाते. वाई, पसरणी घाट, पाचगणी, महाबळेश्वर, मग आंबेनळी घाटाने प्रतापगडाच्या पायथ्याशी, पोलादपूर, महाड आणि वरंधा घाट चढून भोरमार्गे घरी. एकूण तीनशे किलोमीटरच्या आसपास, शनिवार-रविवारात आरामात बसणारं. परतल्यावर जो तो सांगतो, ‘हवा कसली सारखी बदलत होती रे!’ बऱ्याचदा हवा होती तिथेच असते. बदलत असते आपली जागा. आणि कुठे काय लागणार याचा अंदाज बराचसा आधी बांधता येतो.

अरबी समुद्रावरून येणारा ओला वारा कोकणपट्टी ओलांडून सह्याद्रीच्या भिंतीला धडकतो आणि वर चढू लागतो. चढताना तो थंड होतो, आणि दवबिंदूपर्यंत थंड झाला की त्यातल्या वाफेचा ढग बनतो. हवेचं तापमान आणि तिचा दवबिंदू यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला १२५ने गुणलं की ढग किती मीटरवर सुरू होणार याचा ढोबळ आकडा मिळतो. पावसाळ्यात पोलादपूरला तापमान २८ आणि दवबिंदू २५ असेल तर ढगाचा तळ पावणेचारशे मीटरवर. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे. म्हणजे आंबेनळी उतरताना ज्याला आपण धुकं म्हणतो तो ढगच असतो, आणि घाट निम्म्याहून जास्त उतरल्यावर एखाद्या वळणाला तो अचानक डोक्यावर राहतो. खाली हिरवीगार दरी, दमट उकाडा आणि जाड थेंबांची सर. पूर्वेकडे उलटा प्रकार. माथा ओलांडून हवा खाली उतरली की तापते, ढग विरतो, आणि वाईकर पावसाची वाट बघत बसतात.

हे कळलं की रेनकोट कुठे चढवायचा ते ठरवता येतं. पसरणी घाटाच्या पायथ्याशी, कोरड्यात, चहाच्या टपरीच्या पत्र्याखाली. पण मित्रांच्या टोळक्यात हे ऐकतो कोण? ‘अरे, ऊन पडलंय, आत्ताच काय घालायचा?’ पाचगणीच्या अलीकडे पहिली सर येते तेव्हा एक जण झाडाखाली थांबतो, दुसरा ‘भुरभुरच आहे’ म्हणत पुढे सटकतो आणि तिसऱ्याचा रेनकोट सॅकच्या तळाशी, चड्डी-बनियनच्याही खाली. मग एका पायावर उड्या मारत चिखलाच्या बुटावरून रेनकोटची पँट चढवण्याचा कार्यक्रम. बूट मध्येच अडकतो, शिवण उसवते, आणि पँट अंगावर येईस्तोवर आतली जीन्स भिजलेली असते. बुटावर आधी प्लॅस्टिकची पिशवी चढवली की पँट सर्रकन सरकते. ही युक्ती सगळ्यांना ठाऊक असते, पिशवी मात्र कुणाकडे नसते. माझ्या मते टोळी फुटायला सुरुवात होते ती इथेच. घाटात वेग कुणाचा किती हा प्रश्न नंतरचा.

भिजलं तर काय बिघडतं, असं विशीत वाटतं. बिघडतं ते बोटांत. महाबळेश्वरला जुलैत तापमान १८-२० अंश, त्यात ओले कपडे आणि ताशी चाळीसचा वारा. अंगावरचं पाणी उडून जाताना अंगातली ऊब घेऊन जातं. शरीर मग रक्त आतल्या भागाकडे वळवतं, हातापायांची बोटं आधी बधिर होतात, आणि आपण क्लच-ब्रेक बोटांनीच दाबतो. ब्रेक दाबायला अर्धा सेकंद उशीर झाला तर ताशी चाळीसला गाडी साडेपाच मीटर पुढे गेलेली असते. जॅकेटच्या आत छातीवर वर्तमानपत्राची घडी ठेवायची जुनी पद्धत अजून उपयोगी पडते, कारण तिच्या थरांत हवा अडकते आणि वारा आत शिरत नाही. कोरड्या मोज्यांचा एक जोड दोन पिशव्यांत गुंडाळून ठेवावा आणि मुक्कामाला पोचेपर्यंत कुणालाही, जिवलग मित्रालाही, देऊ नये.

आता रस्ता. जूनमधला पहिला पाऊस सगळ्यांत निसरडा, कारण उन्हाळाभर साचलेलं ऑइल, टायरची भुकटी आणि धूळ पाण्यावर येऊन त्यांचा साबणासारखा लेप होतो. दोन-चार मोठ्या सरींनी तो धुऊन जातो. पण घाटात जुलै-ऑगस्टमध्ये त्याची जागा शेवाळ घेतं. दाट झाडीखाली, जिथे चाकं फारशी जात नाहीत तिथे, म्हणजे रस्त्याच्या मधोमध आणि कडेला, हिरवट पट्टा दिसतो. समोरून एसटी आली की आपण घाबरून नेमके त्या कडेच्या पट्ट्यावरच जातो. रस्त्यावरचे पांढरे पट्टे आणि पुलाच्या सांध्यावरच्या लोखंडी पट्ट्या, दोन्ही ओल्यात सारख्याच दगाबाज. ताशी साठला गाडी असेल तर कोरड्या डांबरावर नुसत्या ब्रेकला वीसेक मीटर लागतात, ओल्यावर पस्तीसेक. त्यात भानावर येण्याचा एक सेकंद धरला की आणखी सतरा. शेवाळावरचा हिशेब न केलेलाच बरा. १ एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस सक्तीचं झालं. ते चाक जाम होऊ देत नाही हे खरं, पण रस्त्याला नसलेली पकड ते कुठून आणणार? वळणात गाडी कललेली असताना तर साध्या एबीएसच्या भरवशावर राहूच नये. वेग वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना कमी करायचा.

ढगात हेल्मेटच्या काचेवर दोन्ही बाजूंनी पाणी असतं, बाहेरून पावसाचं आणि आतून श्वासाचं. निघण्यापूर्वी आतून साबणाचा पुसट हात फिरवून कोरड्या फडक्याने पुसलं की वाफ कमी धरते. काळी काच पावसाळ्यात घरी ठेवावी.

टोळीचा नियम मला एकच पुरेसा वाटतो. फाटा आला की मागचा दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. आंबेनळीत बराच पट्टा मोबाइलला रेंज नसते, त्यामुळे ‘फोन कर ना’ हा उपाय बाद. भेटायची जागा आधीच ठरवावी, उदाहरणार्थ पोलादपूरचा एसटी स्टँड, आणि सगळ्यांत शेवटी गाडी ठेवावी ती टोळीतल्या सगळ्यांत शांत माणसाची, पंक्चर किटसकट. घाटात एकामागे एक, अंतर राखून. चढणाऱ्या गाडीला आधी वाट. जोडीने गप्पा मारत चालवायचं असेल तर भोरच्या पुढचा सपाट रस्ताही त्यासाठी नाही.

पण मित्रांत खरा तंटा होतो तो परत फिरण्यावरून, आणि त्याला उत्तर आकड्यांचंच द्यावं लागतं. हवामान विभाग पुणे, साताऱ्यासारख्या जिल्ह्यांच्या घाटमाथ्यासाठी वेगळा इशारा देतो. शहराचा अंदाज बघून घाटात जाण्यात अर्थ नाही. २४ तासांत ६४.५ मिलिमीटरच्या पुढे मुसळधार, ११५.६च्या पुढे अतिमुसळधार, २०४.५च्या पुढे अत्यंत मुसळधार. गावाकडे पुष्य नक्षत्राच्या पावसाला म्हातारा म्हणतात. २०२१च्या जुलैत या म्हाताऱ्याने महाबळेश्वरात एका दिवसात, २३ तारखेच्या सकाळपर्यंत, ५९४ मिलिमीटर ओतले, म्हणजे पुण्याच्या अख्ख्या पावसाळ्याएवढे. २२ जुलैला महाड तालुक्यात तळीयेवर दरड कोसळून ऐंशीच्या वर माणसं गेली. त्याआधी २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा जुना पूल वाहनांसह वाहून गेला होता. आपल्या फेरीच्या वाटेवरचीच ही ठिकाणं आहेत.

दरड पडण्याआधी डोंगर काही खुणा देतो. माती पाणी पिऊन जड होते, आणि खालचा आधार रस्त्यासाठी आधीच तोडलेला असतो. खुणा अशा: कड्यावरून येणारं स्वच्छ पाणी एकाएकी गढूळ होणं, रस्त्यावर ताजे बारके दगड, कललेली झाडं किंवा खांब. यातलं काही दिसलं की तिथे थांबायचं नाही. फोटो काढायला आपण जिथे हमखास थांबतो तो धबधबा मात्र नेमका अशाच तोडलेल्या कड्याखाली असतो.

वरंधा घाट हा या फेरीतला सगळ्यांत देखणा तुकडा. वाघजाईच्या मंदिरापाशी माकडांपासून भजी वाचवत खाणं हा तिथला कार्यक्रम. पण गेली काही वर्षं पावसाळ्यात प्रशासन हा घाट जड वाहनांना, आणि इशारा मोठा असला की सगळ्यांनाच, बंद करतं. म्हणून महाडला जेवतानाच पोलिसांना किंवा भोरकडून आलेल्या एखाद्या ड्रायव्हरला विचारावं. बंद असेल तर माणगावहून ताम्हिणी घाटाने पुणं गाठता येतं, मात्र तिथला पाऊसही वरंध्याइतकाच दांडगा, आणि उशिरा निघालात तर घाटात अंधार होणार. तेव्हा महाडच्या लॉजवर राहावं. पंख्याखाली मोजे वाळत घालायला जागा मिळते, मासे ताजे मिळतात. सोमवारची रजा मात्र शुक्रवारीच टाकून ठेवावी. घाटात रेंज नव्हती ही सबब साहेबांनी आधी ऐकलेली असते.