चौकट : डोंगर आहेत, पण गुण?

पनवेलच्या पोराला चढाचं वावडं नाही. प्रबळगड, माथेरानचे डोंगर दाराशी आहेत. पण क्रॉस-कंट्री माउंटन बायकिंगमधली कारकीर्द निव्वळ दमसासावर उभी राहत नाही. हा प्रकार १९९६च्या अटलांटापासून ऑलिंपिकमध्ये आहे, आणि २०२४च्या पॅरिसपर्यंत त्यात एकही भारतीय उतरलेला नाही. कारण शोधायचं तर सुरुवातीच्या रेषेपाशी शोधावं. तिथली जागा क्रमवारीवर ठरते. गुण नसलेला मागच्या रांगेत, आणि दोनतीनशे मीटरनंतर वाट इतकी चिंचोळी, की पुढचा उतरून सायकल ढकलू लागला तर मागच्यालाही उतरावं लागतं.

पायांत जोर असला तर पुढे जाईलच की, असं कोणी म्हणेल. दीड तासाच्या शर्यतीत जाईलही. पण नियम तेवढी सवड देत नाही. अव्वल स्पर्धकाची पहिली फेरी १५ मिनिटांची असेल, तर १२ मिनिटं, म्हणजे ८० टक्के, मागे पडलेल्याला बाहेर काढतात. गुण मिळतात ते आंतरराष्ट्रीय मान्यतेच्या शर्यतींत, आणि त्या बहुतेक परदेशात. म्हणून नव्या सायकलीआधी विमानाच्या तिकिटाला पुरस्कर्ता हवा, किंवा चारपाच किलोमीटरची मान्यताप्राप्त फेरी इथेच, वनखात्याच्या परवानगीने.