छोट्या संगणकावर कंपायलर मध्येच का थांबतो?

माणसाने लिहिलेली आज्ञावली यंत्राला कळेल अशा आज्ञांत उतरविणे हे कंपायलरचे काम होय. पत्त्याच्या पानाएवढ्या फलकावर सामावलेल्या रास्पबेरी पायसारख्या छोट्या संगणकावरही ते करता येते. या संगणकाचा पहिला नमुना २०१२ साली निघाला, तेव्हा त्याची रॅम, म्हणजे कार्यस्मृती, अवघी २५६ एमबी होती. २०१६ च्या तिसऱ्या नमुन्यात ती १ जीबी होती. बेताच्या खर्चात मिळत असल्यामुळे असा संगणक शाळेला परवडतो. परंतु एखादी मोठी आज्ञावली त्यावर बांधावयास घेतली, की बराच वेळ काम चालून कंपायलर मध्येच बंद पडतो आणि ‘यंत्र बिघडले’ असा शेरा मारून ते कपाटात ठेवले जाते. शाळेत तो एकच संगणक असेल, तर त्या शेऱ्याची किंमत मुलांना द्यावी लागते. वस्तुतः पुष्कळदा यंत्रही शाबूत असते आणि कंपायलरही. दोष भोवतालच्या परिस्थितीत असतो, व तो शोधण्यास क्रम लागतो.

हव्या असलेल्या आज्ञावलीचे तयार पॅकेज मिळत असेल, तर ते घेणे सर्वांत सोपे. ते नसेल, तेव्हाच पुढील मार्ग धरावा.

१. प्रथम नोंद

पडद्यावर आलेली शेवटची ओळ व त्या वेळी चालू असलेल्या फाइलीचे नाव वहीत जसेच्या तसे उतरून घ्यावे. नंतर काहीही न बदलता काम पुन्हा सुरू करावे. दर वेळी ते एकाच फाइलीपाशी अडत असेल, तर कारण बहुधा त्या फाइलीत वा कंपायलरमध्ये असते. एकदा येथे व एकदा तेथे अडत असेल, तर वीज, उष्णता किंवा मेमरी कार्ड यांकडे पाहावे. कार्यस्मृतीची टंचाई मात्र दोन्ही रूपांनी प्रकट होते. म्हणून तिची तपासणी सर्वांच्या आधी करावी.

२. कार्यस्मृतीची टंचाई

एकाच फळ्यावर चार विद्यार्थी लांबलचक उदाहरणे सोडवू लागले, तर फळा भरून जातो. मग सर्वांत जास्त जागा अडविणारे उदाहरण पुसावे लागते. संगणकात नेमके हेच घडते. स्मृती संपली, की लिनक्स प्रणाली बहुधा सर्वांत अधिक स्मृती व्यापणारे काम बंद करते, आणि ते काम बहुधा कंपायलरचेच असते. अशा वेळी शेवटच्या ओळीत ‘किल्ड’ हा शब्द दिसतो आणि प्रणालीच्या नोंदीत ‘आऊट ऑफ मेमरी’ ही अक्षरे सापडतात.

‘मेक’ या आज्ञेपुढे ‘-जे ४’ लिहिले, तर चार कामे एकदम चालू होतात. प्रत्येकास ३०० एमबी लागली, तर एकूण १,२०० एमबी झाली. १ जीबी म्हणजे १,०२४ एमबी. हिशेब चुकतो तो येथे. म्हणून चाराच्या जागी एक लिहावा. वेळ अधिक लागेल, पण काम तडीस जाईल. एका फाइलीलाही स्मृती पुरत नसेल, तर ‘स्वॅप’ वाढवावा. फळा भरल्यावर बाजूच्या पाटीवर आकडे उतरवून ठेवावेत, तसा हा प्रकार आहे. पाटी फळ्याहून फार मंद. शिवाय कार्डावर वारंवार लिहिल्याने ते झिजते. यास्तव स्वॅप शक्यतो वेगळ्या डिस्कवर घ्यावा व काम संपताच पूर्ववत करावा.

३. वीज

एरवी सुरळीत चालणारा संगणक कंपायलर चालू होताच डळमळतो, कारण तेव्हा चारही गाभे पूर्ण भाराने राबतात व अधिक प्रवाह ओढतात. समजा, पुरवठा ५ व्होल्टचा, तारेचा रोध ०.१५ ओहम व प्रवाह २.५ अँपिअर आहे. तारेतच ०.३७५ व्होल्ट खर्ची पडतात आणि फलकापर्यंत ४.६२५ पोहोचतात. सुमारे ४.६३ व्होल्टच्या खाली दाब गेला, की रास्पबेरी पाय अपुऱ्या विजेचा इशारा देतो. पडद्यावर विजेचे चिन्ह उमटते. फोनचा चार्जर व त्याची बारीक, लांब तार यांमुळे हे सहज घडते. तार आखूड व जाड असावी, आणि पुरवठा त्या नमुन्यासाठी सांगितलेला असावा. उरण, मुरूड, श्रीवर्धनकडील खारी व दमट हवा धातूच्या टोकांवर गंज चढविते, आणि त्यानेही रोध वाढतो. म्हणून जोडणीची टोके अधूनमधून पाहावीत.

४. उष्णता व मेमरी कार्ड

तापमान ८० अंश सेल्सिअसला पोहोचले, की हा संगणक स्वतःची गती कमी करू लागतो. बंद डबीत, कौलांखालच्या एप्रिल-मे महिन्यांतल्या उकाड्यात, ही मर्यादा लवकर गाठली जाते. डबी उघडी ठेवावी, उष्णता-शोषक पट्टी लावावी, किंवा लहान पंखा बसवावा. कार्ड भरले असेल, तर जागा मोकळी करावी. फाइली वारंवार खराब निघत असतील, तर कार्ड बदलावे.

५. कंपायलरचा दोष

वरील सर्व पाहूनही काम त्याच फाइलीपाशी अडले, तर तीच फाइल, कंपायलरच्या त्याच आवृत्तीने, दुसऱ्या संगणकावर चालवून पाहावी. तेथेही कंपायलर तसाच कोसळला, तर दोष त्याचा मानावा व नवी आवृत्ती घ्यावी.

दोन ठिकाणी नोंदी घेऊन तुलना करण्याचे उत्तम उदाहरण या जिल्ह्यातच आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी होत. शहरात विजेची ट्राम येणार असे ठरल्यावर तिच्या प्रवाहाने नोंदी बिघडतील, हे ओळखून अलिबागेस नवी वेधशाळा उभारण्यात आली. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे दोन्हीकडे नोंदी चालू ठेवल्या, म्हणून जुनी मालिका नवीशी जुळविता आली. तेथे उपकरणे सदोष नव्हती; व्यत्यय परिसरात येणार होता.

वर्गात हाच पाठ देता येईल. वहीत पाच रकाने आखावेत: तारीख, फाइल, शेवटची ओळ, केलेला बदल, परिणाम. मुलांनी आळीपाळीने नोंद ठेवावी. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. दोन बदलल्या आणि काम झाले, तरी कोणत्या बदलाने झाले हे कळत नाही. पाच-सहा नोंदी झाल्या, की मुले कारण स्वतः सांगू लागतील. बिघडल्याचा शेरा लिहावयाचाच असेल, तर तो ही वही भरल्यानंतर लिहावा.