घरांतील बॅटरी व तिची निगा

आपल्या जिल्ह्यांत परळी-वैजनाथ येथें औष्णिक वीजकेंद्र आहे. पाण्याची वाफ करूनच तेथील चक्रें फिरतात. म्हणून सन २०१३ च्या अवर्षणांत पाण्याअभावीं तें बंद ठेवावें लागलें. वीज केव्हां जाईल याचा नेम नसल्यामुळें पुष्कळ घरीं आतां इन्व्हर्टर व त्याची बॅटरी असते. ट्रॅक्टरांतही अशीच बॅटरी असते. ती कोपऱ्यांत मुकाट बसते, म्हणून निरुपद्रवी वाटते. पण हा समज घातक आहे.

ही बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यानें १८५९ सालीं प्रथम तयार केली. तींत शिशाच्या पट्ट्या पाणी मिसळलेल्या गंधकाम्लांत बुडालेल्या असतात. एका कप्प्याचा दाब सुमारें २ व्होल्ट. असे सहा कप्पे मिळून १२ व्होल्ट होतात. चार्जिंग पुरें होत आलें म्हणजे आंतील पाण्याचें पृथक्करण होऊन हायड्रोजन व प्राणवायु बाहेर पडतात. हायड्रोजनला रंग नाहीं, वास नाहीं; पण हवेंत त्याचें प्रमाण शेकडा ४ झालें कीं एका ठिणगीनें तो पेट घेतो, बॅटरी फुटते व आम्ल तोंडावर उडतें.

एवढें समजलें म्हणजे पुढील नियम पाठ करावे लागत नाहींत. बॅटरी हवेशीर जागीं ठेवावी. चूल किंवा समई यांजवळ ठेवूं नये. पाण्याची पातळी पाहण्यास काडी ओढूं नये, विजेरी घ्यावी. सुटा चार्जर वापरतांना आधीं चिमटे लावावे, मग बटण दाबावें. काढतांना आधीं बटण बंद करावें, मग चिमटे सोडवावे. असें केल्यानें बॅटरीच्या तोंडाशीं ठिणगी पडत नाहीं. १२ व्होल्टांचा झटका सहसा बसत नाहीं. परंतु दोन्ही टोकांवर पाना, अंगठी किंवा बांगडी आडवी आली तर शेंकडों अँपिअर प्रवाह वाहून धातु क्षणांत लाल होतो व कातडी भाजते.

कमी होतें तें पाणीच, आम्ल नव्हे. म्हणून वरून आम्ल कधीं ओतूं नये. बोअरच्या पाण्यांतील क्षार पट्ट्या बिघडवितात, यासाठीं ऊर्ध्वपातित पाणीच घालावें. हें काम वडील माणसांनीं चष्मा व रबरी हातमोजे घालून करावें. डोळ्यांत थेंब उडाल्यास पापण्या उघड्या धरून निदान पंधरा मिनिटें स्वच्छ पाण्यानें धुवावे व लागलीच डॉक्टरांकडे जावें. जमिनीवर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकावा. डोळ्यांत मात्र सोडा मुळींच घालूं नये.

जुनी बॅटरी घरीं फोडूं नये. शिशाची धूळ लहान मुलांच्या मेंदूस कायमची इजा करते. सन २०२२ च्या नियमांप्रमाणें जुन्या बॅटऱ्या परत घेऊन त्यांची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे. तेव्हां ती विक्रेत्याकडेच परत द्यावी.

रात्रीं अभ्यासास दिवा असावा म्हणून आईबाप पदरमोड करून ही बॅटरी आणतात. त्या दिव्याखालीं वाचणारे डोळे शाबूत राहिले तरच त्या खर्चाचें सार्थक. मुलांनो, आज घरीं गेल्यावर आपली बॅटरी कोठें ठेवली आहे तें दुरूनच पाहा, आणि हा लेख वडील मंडळींस वाचून दाखवा.