तुम्हाला बोलावलंय कुणी?

१ सप्टेंबर १९३८ रोजी मुंबई बंदरातून ‘राजपुताना’ ही बोट चीनकडे निघाली. तिच्यावर पाच भारतीय डॉक्टर होते: अटल, चोळकर, बसू, मुखर्जी आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. कोटणीसांचं पुढे काय झालं हे आपल्याला ठाऊक असतं; निदान शांतारामबापूंच्या १९४६च्या चित्रपटामुळे ठाऊक असल्यासारखं वाटतं. त्या गोष्टीतलं प्रेम, त्याग आणि अकाली मृत्यू आपण लक्षात ठेवले. बोट सुटण्यापूर्वी काय काय झालं होतं, ते मात्र विसरलो.

जपानशी लढणाऱ्या चिनी कम्युनिस्ट सैन्याचे सेनापती झू द यांनी नेहरूंना पत्र लिहून वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबूंनी लोकांना आवाहन केलं, निधी जमवला गेला, औषधं, शस्त्रक्रियेची साधनं आणि रुग्णवाहिका यांची जुळवाजुळव झाली. पथकाचे प्रमुख अटल स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. म्हणजे मागणी लेखी होती, मागितलेलं कौशल्य नेमकं होतं आणि बरोबर युद्धाचा अनुभव असलेला माणूस होता. परदेशी जाऊन सेवा करायची ऊर्मी आली की या तीन गोष्टी आपल्याजवळ आहेत का, हे आधी पाहावं. तिकिटाचे दर नंतर बघता येतात.

आज ही ऊर्मी बहुधा कॉलेजात येते. उन्हाळ्याच्या सुट्टीत सहा आठवडे केनियात किंवा कंबोडियात जायचं आणि मुलांना इंग्रजी शिकवायचं, असा बेत असतो. हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. पण आपल्याकडे जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक व्हायला डी.एड. लागतं, टीईटी द्यावी लागते. तिथल्या मुलांना मात्र बारावी झालेला कुणीही चालेल, हे कुणी ठरवलं? सहा आठवड्यांत पोरांची नावं पाठ होईतो परतीचा दिवस उजाडतो. मग पुढचा स्वयंसेवक येतो आणि ए फॉर ॲपलपासून पुन्हा सुरुवात करतो.

अनाथालयांची कथा याहून वाईट आहे. कंबोडियात २००५ ते २०१० या पाच वर्षांत अनाथालयांची संख्या ७५ टक्क्यांनी वाढली, असं युनिसेफला आढळलं. त्या काळात तिथे युद्ध नव्हतं. वाढली होती ती पर्यटकांची आणि पैसे भरून येणाऱ्या स्वयंसेवकांची वर्दळ. या संस्थांमधल्या सुमारे तीन-चतुर्थांश मुलांची आई किंवा वडील, किंवा दोघंही, हयात होते. गरीब आईबापांना शाळेचं आणि दोन वेळच्या जेवणाचं आमिष दाखवून मुलं आणली जात होती. पाहुण्यांना अनाथ मुलं हवी होती, म्हणून ती पुरवली जात होती. त्यात दर महिन्याला नवा ताई-दादा येतो, कडेवर घेतो, फोटो काढतो आणि निघून जातो. ज्या मुलाला आधीच कुणी सोडून गेलंय, त्याला सोडून जाणाऱ्यांची ही रांग काय शिकवत असेल? म्हणून माझं मत ठाम आहे: चार-सहा आठवड्यांसाठी अनाथालयात मुलं सांभाळायला कुणी बोलावत असेल, तर संस्था कितीही गोड बोलो, नाही म्हणावं. पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी न मागता कुणालाही मुलांमध्ये सोडणारी संस्था तर सरळ धोकादायक समजावी.

मग जायचं कुणामार्फत? संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम १९७० साली ठरावानं स्थापन झाला; त्याचं मुख्यालय आता जर्मनीत बॉनला आहे. तिथे अनुभवानुसार वेगवेगळ्या श्रेणी असतात, जागा जाहीर होतात, मुलाखत होते. निवड झाली की प्रवासखर्च, निर्वाहभत्ता आणि विमा मिळतो. पॅरिसला १९७१ मध्ये सुरू झालेली ‘डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स’ डॉक्टर आणि परिचारिकांप्रमाणेच हिशेबनीस, पाणीपुरवठ्याचे जाणकार, गाड्या आणि गोदामं सांभाळणारी माणसंही घेते, आणि त्यांना पगार देते. मात्र कामाचा अनुभव हवा, इंग्रजी हवं. फ्रेंच किंवा अरबी येत असेल तर उत्तम. शल्यविशारद आणि भूलतज्ज्ञ काही आठवड्यांसाठी जाऊ शकतात, इतरांकडून पहिल्या खेपेला बरेच महिने राहण्याची अपेक्षा असते. अमेरिकेचं पीस कोअर तर पहिले तीन महिने निव्वळ भाषा आणि कामाचं प्रशिक्षण देऊन मग दोन वर्षं कामाला जुंपतं. ते फक्त अमेरिकी नागरिकांसाठी आहे, पण ही मुदत लक्षात ठेवण्यासारखी आहे. अनुभवी संस्था इतका वेळ मागतात, कारण नवखा माणूस सुरुवातीचे कित्येक आठवडे स्थानिकांचा वेळच खात असतो.

पैसे घेणाऱ्या सगळ्याच संस्था लबाड असतात असं नाही. राहण्याजेवण्याचा खर्च कुणीतरी करायलाच हवा. पण भरलेल्या रकमेतले किती गावात पोचतात, हे लेखी विचारावं. आपल्याआधी हे काम कोण करत होतं आणि आपण गेल्यावर कोण करणार, हेही विचारावं. भिंत रंगवायची असेल तर तिथल्या रंगाऱ्याचा रोजगार आपण बुडवतोय का, हा प्रश्न स्वतःलाच विचारायचा.

स्वतःची परीक्षा घ्यायला परदेश लागत नाही. पुण्याची ‘मैत्री’ संस्था पावसाळ्यात मेळघाटात धडक मोहीम चालवते. बाळं दगावण्याचा धोका तेव्हा सर्वांत जास्त असतो, आणि स्वयंसेवक तुकड्या-तुकड्यांनी जाऊन गावात राहतात. गडचिरोलीत ‘सर्च’चा ‘निर्माण’ उपक्रम २००६पासून तरुणांना अशा कामाची वाट दाखवतो आहे. चिखल, डास, समोरच्याची कोरकू आणि आपली मराठी यांत पहिल्याच आठवड्यात चिडचिड झाली, तर इथिओपियात ती कमी होणार नाही. उलट मेळघाटानं ओढून धरलं, तर कदाचित परदेशाचा बेतच रद्द होईल. तसं झालं तरी काही बिघडत नाही.

जायचं पक्कं झालं की कागदपत्रं. इथे सर्वांत मोठा घोटाळा व्हिसाचा. ‘टुरिस्ट व्हिसावर या, सगळे तसेच येतात’ असं एजंट बिनधास्त सांगतात. टांझानियासारख्या देशात पर्यटक व्हिसावर विनावेतन कामही चालत नाही, वेगळा परवाना काढावा लागतो. पकडले गेलात तर दंड, हकालपट्टी आणि पासपोर्टवर कायमचा डाग. बिनपगारी काम म्हणजे काम नव्हे, हा युक्तिवाद इमिग्रेशनच्या खिडकीवर टिकत नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने उरलेली हवी. पोलीस पडताळणीचा दाखला पासपोर्ट कार्यालयातून मिळतो. पदवीची प्रमाणपत्रं काही देशांना अपोस्टिल करून लागतात, म्हणजे आधी राज्य सरकारचा शिक्का आणि मग परराष्ट्र मंत्रालयाचा. डॉक्टर-परिचारिकांना तिथे तात्पुरती नोंदणी लागते, तीही आधी विचारून घ्यावी. या सगळ्यात महिने जातात.

लशींचंही तसंच. आफ्रिकेच्या मोठ्या पट्ट्यात आणि दक्षिण अमेरिकेच्या काही भागांत पीतज्वर आहे. त्याची लस आपल्याकडे सरकारमान्य केंद्रांवरच मिळते, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नाही. प्रमाणपत्र लस घेतल्यावर दहाव्या दिवसापासून ग्राह्य धरतात, म्हणून आदल्या दिवशी धावाधाव करून उपयोग नसतो. २०१६पासून ते आयुष्यभर चालतं. अंड्याची तीव्र ॲलर्जी असेल किंवा गर्भारपण असेल, तर डॉक्टरांना आधीच सांगावं. विषमज्वर, कावीळ, धनुर्वात आणि खेड्यात राहणार असाल तर रेबीज, यांबद्दलही त्याच भेटीत विचारून घ्यावं. मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्या निघण्यापूर्वी सुरू करायच्या असतात आणि परतल्यावरही गोळीनुसार काही दिवस किंवा आठवडे चालू ठेवायच्या असतात. घरी पोचल्या पोचल्या त्या बंद करणारे पुष्कळ.

विमा काढताना सहलीची साधी पॉलिसी घेऊ नये. स्वयंसेवेचं काम आणि गंभीर आजारात विमानानं हलवण्याचा खर्च तिच्यात धरला आहे का, हे अटींमध्ये शोधावं. मागे घरी कर्जाचे हप्ते कोण भरणार, आईवडिलांना दवाखान्यात न्यायला कोण, नोकरीत बिनपगारी रजा मिळते की राजीनामाच द्यावा लागतो, ही बोलणी अवघड असतात, म्हणून ती पुढे ढकलली जातात. कोटणीसांना वडील गेल्याची बातमी चीनमध्ये असतानाच कळली, आणि ते परतले नाहीत. तुम्ही काय कराल, हे निघण्यापूर्वी घरच्यांशी बोलून ठेवलेलं बरं. बॅग भरताना भाजणी आणि मेतकूट जरूर घ्या. पण कस्टम्स काय काढून घेईल ते आधी वाचा. आणि मांस खाणार नसाल, तर यजमानांना तसं आधी कळवा. पाहुण्यासाठी बकरं कापून झाल्यावर नको म्हणणं फार अवघड जातं.

भाषेवर मात्र कंजुषी नको. कोटणीस चिनी इतकं शिकले की त्यांनी तिथल्या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया चिनीतूनच शिकवली. तुम्हाला स्वाहिलीत आजीची विचारपूस करता आली आणि बाजारात भाव विचारता आला, तरी पहिला महिना निभावतो.

परतताना पीतज्वराच्या लशीचं प्रमाणपत्र, म्हणजे ते पिवळं कार्ड, हातातल्या बॅगेत ठेवा, विमानात सामान म्हणून दिलेल्या पेटीत नको. बाधित देशातून सहा दिवसांच्या आत आलेल्या प्रवाशाकडे ते नसेल, तर भारतात त्याला विलगीकरणात ठेवतात. आणि पुढच्या काही महिन्यांत ताप आला, तर ‘पावसाळी असेल’ म्हणून क्रोसिन घेत बसू नका. डॉक्टरकडे गेल्यावर त्यांनी विचारायची वाट न पाहता कुठल्या देशात होता ते सांगा आणि मलेरियाची तपासणी त्याच दिवशी करून घ्या.